आपलं माणूस सेंट्रल जेलात आहे: नागपूरच्या घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा रोडवरच्या नागपूर मध्यवर्ती कारागृहात ज्यांचं कुणी आहे, किंवा नुकतंच सुटून घरी आलं आहे, त्यांच्याकडून सतत येणारे हे प्रश्न आहेत. सुरुवातीला साधे, पुढे अडचणीचे. एक गोष्ट दोनदा लिहिलेली नाही. 'प्रश्न ८ पाहा' असं दिसलं तर तिकडे जा. कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची आहेत. तुमच्या कागदावर सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम दिसलं तर गोंधळू नका, प्रकरण त्या तारखेआधीचं आहे इतकंच.

१. पोलिसांनी नेलं, आता वकील म्हणतात "एमसीआर झाला". म्हणजे माणूस नेमका कुठे आहे?

अटकेनंतर २४ तासांच्या आत न्यायालयापुढे उभं करावं लागतं. तिथे पोलीस कोठडी मिळाली तर तो पीसीआर, म्हणजे माणूस ठाण्याच्या लॉकअपमध्ये. न्यायालयीन कोठडी मिळाली तर तो एमसीआर, म्हणजे माणूस जेलात. एमसीआर झाला म्हणजे शिक्षा झाली असं नाही. खटला सुरू असलेला तो 'कच्चा कैदी', कागदोपत्री 'न्यायाधीन बंदी'. शिक्षा लागलेला 'पक्का', कागदोपत्री 'सिद्धदोष बंदी'. हा फरक पक्का लक्षात ठेवा, कारण पुढचे जवळजवळ सगळे नियम त्यावरूनच बदलतात.

त्याच दिवशी वकिलाकडून किंवा न्यायालयातल्या लिपिकाकडून चार गोष्टी लिहून घ्या: पोलीस ठाणं आणि गुन्हा क्रमांक, लावलेली कलमं, पहिल्या रिमांडची (कोठडीच्या पहिल्या आदेशाची) तारीख, पुढची पेशी. पहिल्या रिमांडची तारीख कुणीच लिहून ठेवत नाही, आणि प्रश्न ९ मध्ये नेमकी तीच लागते.

२. मुलाखतीला जायचं तर काय करावं लागतं?

आधी ई-प्रिझन्सच्या संकेतस्थळावर 'ई-मुलाकात'मध्ये नोंदणी करा: राज्य, कारागृह, बंद्याचं नाव, तुमचं ओळखपत्र, मोबाईलवर येणारा ओटीपी. प्रत्यक्ष भेट की व्हिडिओ भेट, हे तिथेच निवडता येतं. गडचिरोली किंवा गोंदियाहून दिवस मोडून येणाऱ्यांनी व्हिडिओ भेटीचा पर्याय जरूर वापरावा. प्रत्यक्ष यायचं तर मेट्रोच्या ऑरेंज लाईनवरचं रहाटे कॉलनी स्टेशन जवळ पडतं.

सोबत मूळ आधार कार्ड ठेवा, झेरॉक्स चालत नाही. मोबाईल आत नेता येत नाही. भेट काचेपलीकडून, इंटरकॉमवर होते आणि वेळ मोजकाच असतो. म्हणून विचारायच्या गोष्टी घरूनच चिठ्ठीवर लिहून आणा. रडण्यात वेळ गेला आणि पेशीची तारीख विचारायचीच राहिली, हे फार वेळा घडतं.

भेट नाकारली जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नावातला फरक. जेलच्या नोंदीत पोलिसांच्या कागदावरचं नाव चढलेलं असतं. घरी 'बंटी', आधारवर 'रोशन', एफआयआरमध्ये 'रोशन ऊर्फ बंट्या' असं असेल, तर शोधताना एफआयआरमधलं नाव टाका.

३. त्याला पैसे, कपडे, डबा देता येतो का?

पैसे त्याच्या हातात पडत नाहीत. जेलात त्याच्या नावावर खासगी रोख रकमेचं खातं असतं, जेलात सगळे त्याला 'पीपीसी' म्हणतात. रक्कम त्यात जमा होते आणि तो कॅन्टीनमधून खरेदी करतो. रुळलेली वाट म्हणजे पोस्टाची मनी ऑर्डर. तिच्यावर बंद्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि बंदी क्रमांक लिहा. क्रमांक नसेल आणि त्याच नावाचे तिघे आत असतील, तर पैसे अडकतात. महिन्याची कमाल मर्यादा ठरलेली असते. पाठवण्याआधी मुलाखत कक्षात विचारा, नाही तर मनी ऑर्डर परत येते.

कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे घालता येतात, पक्क्याला जेलचे. घरचा डबा न्यायालयाच्या आदेशाशिवाय आत जात नाही.

४. त्याला शुगर आहे, रोजच्या गोळ्या सुरू आहेत. जेलात कोण बघणार?

दाखल होताना वैद्यकीय तपासणी होते. त्याच वेळी डॉक्टरची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट पोहोचले पाहिजेत. गेटवर गोळ्यांची पिशवी दिली तर परत येते. चिठ्ठीची प्रत वकिलामार्फत रिमांडच्या दिवशी न्यायालयात द्या आणि 'औषधोपचार सुरू ठेवावेत' असा उल्लेख आदेशात मागून घ्या. आदेशातली ही एक ओळ दहा विनंत्यांपेक्षा जास्त काम करते. आतल्या दवाखान्याच्या आवाक्याबाहेरचं असेल तर पोलीस बंदोबस्तात मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेतात. मानसिक आजाराची जुनी फाईल असेल तर तीही द्या, लपवू नका.

५. वकिलाची फी परवडत नाही. सरकारी वकील मिळतो का?

आधी शब्द नीट करू. 'सरकारी वकील' हा सरकारच्या बाजूने, म्हणजे तुमच्या माणसाच्या विरोधात उभा असतो. तुम्हाला हवा आहे विधी सेवेचा वकील. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला चकरा मारू नका.

अर्ज तीन ठिकाणी चालतो: सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जेलातलं विधी सेवा केंद्र, जिथे विधी स्वयंसेवक बसतात, किंवा थेट न्यायाधीशांपुढे, पेशीच्या वेळी तोंडी. फौजदारी प्रकरणं बहुधा लोक अभिरक्षक कार्यालयाकडे जातात. तिथले वकील पूर्णवेळ याच कामासाठी असतात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या कामासाठी तिथली विधी सेवा उपसमिती वेगळी आहे. देशभराची हेल्पलाइन १५१००.

६. मोफत वकील म्हणतो "थोडा खर्च द्यावा लागेल". द्यावा का?

नाही. त्यांची फी प्राधिकरण देतं. कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही मोफत मदतीत येतो. कुणी मागितलं तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या, वकील बदलून मिळतो. जेलच्या किंवा कोर्टाच्या गेटबाहेर 'आत ओळख आहे, मुलाखत करून देतो, जामीनदार आणून देतो' म्हणणारे भेटतील. मुलाखतीला पैसे लागत नाहीत. भाड्याचा जामीनदार बनावट निघाला तर जामीन रद्द होतो आणि वर नवा गुन्हा लागतो.

७. जामीन मंजूर होऊन पाच दिवस झाले, तरी सुटला नाही. का?

जामीन 'मंजूर' होणं आणि जामीन 'भरणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आदेशानंतरचा क्रम असा: जामीनदार कागद घेऊन न्यायालयात हजर होतो, कागद तपासले जातात, बंधपत्र लिहून होतं, न्यायालय सुटकेचा आदेश काढतं, तो जेलात पोहोचतो, जेल तो आपल्या नोंदीशी ताडून पाहतं, मग दार उघडतं. अडकतं ते बहुतेक पुढच्यापैकी एका ठिकाणी.

जामीनदाराचे कागद अपुरे असतात. सातबारा किंवा घरटॅक्सची पावती, आधार, फोटो, नोकरी असेल तर पगारपत्रक, न्यायालयाने मागितला असेल तर तहसीलचा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा) दाखला, हे लागतं. सातबारा चालू तारखेचा हवा. जमीन आजोबांच्या नावावर आणि जामीनदार नातू, असं चालत नाही.

आदेशात चूक असते. सुटकेच्या आदेशातलं नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक आणि कलमं जेलच्या वॉरंटशी जशीच्या तशी जुळायला हवीत. 'सुनील' आणि 'सुनिल' यावरून रात्र आत गेली आहे. तपासात पोलिसांनी कलम वाढवलं असेल आणि आदेशात जुनीच कलमं असतील, तरी जेल सोडणार नाही. आदेश हातात पडताच तिथेच उभं राहून वाचा. चूक असेल तर त्याच दिवशी वकिलाकडून दुरुस्तीचा अर्ज टाका.

दुसरं प्रकरण निघतं. एका गुन्ह्यात जामीन झाला, पण दुसऱ्या ठाण्याचं हजर वॉरंट (त्या प्रकरणात न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश) जेलात पडलेलं असेल तर सुटका होत नाही. त्यासाठी आधीच जेलातून 'आणखी कोणत्या प्रकरणात वर्ग आहे का' हे विचारून घ्यावं.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला याबाबत निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत न्यायालयाने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहाकडे पाठवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. म्हणून आठव्या दिवशी प्राधिकरणात जाऊन एवढंच विचारा: "जेलकडून यादीत नाव आलं का?"

८. जामीनदारच मिळत नाही. गरीब माणसाने काय करायचं?

पहिली गोष्ट, गुन्हा जामीनपात्र असेल तर कलम ४७८ बघा. आठवडाभरात जामीन देता आला नाही तर तो माणूस निर्धन आहे असं न्यायालयाने धरायचं आणि जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्याच हमीवर सोडायचं. अशा किरकोळ गुन्ह्यात कुणी दोन आठवडे आत असेल तर कुणी तरी अर्ज करायला विसरलं आहे.

अजामीनपात्र गुन्ह्यात रक्कम कमी करण्याचा, किंवा जामीनदाराऐवजी रोख भरू देण्याचा अर्ज करता येतो. काही आठवड्यांच्या तात्पुरत्या रोख जामिनावर बाहेर येऊन मग जामीनदार शोधणं, हीही नेहमीची वाट आहे. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्याचा आहे एवढ्याच कारणाने नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मोतीराम प्रकरणात सांगितलं. भामरागडचा काका नागपूरच्या न्यायालयात जामीन राहू शकतो.

तिसरा मार्ग केंद्राच्या गरीब बंदी सहाय्य योजनेचा. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि सिद्धदोष बंद्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत तरतूद झाली. सध्याची मर्यादा अर्जाच्या दिवशी प्राधिकरणात विचारून घ्या. निर्णय जिल्हास्तरावरची समिती घेते आणि रक्कम थेट न्यायालयात भरली जाते, घरच्यांच्या हातात येत नाही. लाचलुचपत, मनी लाँडरिंग, एनडीपीएस (अमली पदार्थ) आणि यूएपीए (बेकायदा कारवाया) प्रकरणांना ही योजना लागू नाही. यातली गोम अशी की योजना पैसे देते, जामीनदार देत नाही. आदेशात 'एक सक्षम जामीनदार' असं असेल तर आधी वकिलाकडून तो आदेश रोख रकमेत बदलून घ्यावा लागतो, मगच समिती काही करू शकते.

९. चार्जशीटच आली नाही. किती दिवस वाट बघायची?

कलम १८७ प्रमाणे फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षे आणि त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६० दिवस. तेवढ्यात दोषारोपपत्र, म्हणजेच चार्जशीट आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, गुण-दोष बघितले जात नाहीत. एनडीपीएसमध्ये व्यावसायिक प्रमाण असेल तर मुदत १८० दिवस. मकोका (संघटित गुन्हेगारी) आणि यूएपीएमध्ये ती १८० पर्यंत वाढवून मिळते.

मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, आणि रिमांडचा दिवस धरून. रिमांड १ मार्चचा असेल तर साठावा दिवस २९ एप्रिल; हक्क ३० एप्रिलला उभा राहतो.

हा जामीन आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो आणि तो चार्जशीट दाखल होण्याआधी नोंदला जावा लागतो. ३० एप्रिलला सकाळी चार्जशीट आली आणि अर्ज दुपारी गेला, तर हक्क गेला. वकिलाला ५५ व्या दिवशीच फोन करा आणि अर्ज तयार ठेवायला सांगा.

१०. चार्जशीट आली, पण खटला वर्षानुवर्षं पुढे सरकत नाही. काही मर्यादा आहे का?

आहे, कलम ४७९. त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला असेल तर जामिनावर सोडायचं; आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक-तृतीयांश काळ पुरे. उदाहरणार्थ, घरातली चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५, कमाल ७ वर्षे. पहिल्यांदाच सापडलेल्यासाठी २ वर्षे ४ महिने, इतरांसाठी साडेतीन वर्षे. अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवरही टाकलेली आहे. जुन्या प्रकरणांतल्या न्यायाधीन बंद्यांनाही याचा लाभ द्यायचा, हे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट झालं.

अपवाद तीन. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांना हे लागू नाही. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका नाही. इथेच बहुतेकांची निराशा होते. आणि आरोपीमुळे झालेला उशीर मोजणीतून वजा होतो. या कलमात बसलं नाही म्हणून नेहमीचा जामीन अर्ज बंद होत नाही.

११. त्याच्यावर एमपीडीए लावला आहे. जामीन अर्ज करू का?

उपयोग नाही. एमपीडीए ही शिक्षाही नाही आणि खटल्यातली कोठडीही नाही, ती प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आहे, म्हणजे पुढे गुन्हा करू नये म्हणून आधीच आत ठेवणं, कमाल १२ महिने. इथे दोन गोष्टी करायच्या: स्थानबद्धतेच्या आदेशाविरुद्ध शासनाकडे आणि सल्लागार मंडळाकडे निवेदन, आणि नागपूर खंडपीठात याचिका. आदेशासोबत दिलेली कारणं आणि कागदांचा संच जपून ठेवा. कागद त्याला समजणाऱ्या भाषेत दिले का, निवेदनावर निर्णयाला उशीर झाला का, हे मुद्दे त्यातूनच निघतात. मुलाखतीला वकिलाला घेऊन जा.

१२. शिक्षा लागली. अपील किती दिवसांत?

सत्र न्यायालयात अपील असेल तर ३० दिवस, उच्च न्यायालयात ६० दिवस. फाशीच्या शिक्षेविरुद्ध ३० दिवस. उशीर माफ होऊ शकतो, कारण लिहून द्यावं लागतं. निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते. घरचं कुणी धावपळ करणारं नसेल तर बंदी स्वतः अधीक्षकांमार्फत जेल अपील पाठवू शकतो. अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. नुसतं अपील दाखल झालं म्हणून माणूस बाहेर येत नाही.

१३. खटला चालू असताना दोन वर्षं आत काढली. ती वजा होतात का?

होतात, कलम ४६८ प्रमाणे. वकिलांच्या तोंडी हे 'सेट ऑफ'. मात्र त्याच प्रकरणातले दिवस. दुसऱ्या गुन्ह्यात काढलेले दिवस इथे वजा करून मागता येत नाहीत. निकालात या दिवसांचा आकडा बरोबर लिहिला आहे का ते पाहा. वॉरंटवर चुकला तर सुटकेची तारीखच चुकते.

१४. शिक्षा संपली, पण दंड भरला नाही म्हणून ठेवलंय. आता भरला तर?

दंड भरला की त्या क्षणी ती कैद संपते. अर्धवट भरला तरी त्या प्रमाणात कमी होते. समजा १०,००० रुपये दंड आणि न भरल्यास ४ महिने. ७,५०० भरले तर एक चतुर्थांश बाकी, म्हणजे एकच महिना काढावा लागेल. प्रश्न १३ मधले दिवस या कैदेतून वजा होत नाहीत. एवढी रक्कमही नसेल तर प्रश्न ८ मधली योजना दंडालाही चालते.

१५. फर्लो आणि पॅरोलमध्ये काय फरक? आधी कशाचा अर्ज करावा?

फर्लो म्हणजे संचित रजा. ती चांगल्या वर्तणुकीवर मिळते, वेगळं कारण द्यावं लागत नाही, आणि रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. तिला कारण लागतं, आजारपण, मृत्यू, लग्न वगैरे, आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. तीस दिवस पॅरोलवर राहिलात तर सुटकेची तारीख तीस दिवस पुढे. म्हणून हातात दोन्ही पर्याय असतील तर आधी फर्लो. दोन्ही फक्त पक्क्या कैद्यांसाठी. कच्च्याला घरच्या प्रसंगासाठी न्यायालयाकडून तात्पुरता जामीन मागावा लागतो.

नियम १९५९ चे आहेत, त्यात वेळोवेळी बदल झाले. अर्ज जेलमधूनच जातो. फर्लोचा निर्णय कारागृह उपमहानिरीक्षक, पूर्व विभाग, नागपूर यांच्याकडे, नियमित पॅरोलचा विभागीय आयुक्तांकडे. मध्ये पोलीस अहवाल येतो, आणि अर्ज मरतो तो तिथे. ठाण्याचा शिपाई पत्त्यावर जातो, घराला कुलूप असतं, 'नातेवाईक मिळून आले नाहीत' असा शेरा पडतो. अर्ज गेल्याची तारीख कळली की जामीन राहणाऱ्या नातेवाईकाने आपणहून ठाण्यात जाऊन जबाब द्यावा. नाकारल्याच्या आदेशात नुसतं 'शांतता भंगाची शक्यता' असं असेल आणि त्याला आधार नसेल, तर खंडपीठात आव्हान देता येतं. वकील प्रश्न ५ प्रमाणे.

उशिरा परत गेल्यास मिळालेली माफी (शिक्षेतली सूट) कापली जाते, पुढची रजा जाते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. खरंच आजारी असाल तर मुदत संपण्याआधी सरकारी दवाखान्यात दाखवा आणि ठाण्यामार्फत जेलला कळवा. ओळखीच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट नंतर दाखवून काही होत नाही.

१६. जन्मठेप म्हणजे १४ वर्षं ना?

नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. १४ वर्षं हा आकडा कलम ४७५ मधला: ज्या गुन्ह्याला फाशीचीही शिक्षा असू शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष १४ वर्षं काढल्याशिवाय मुदतपूर्व सोडता येत नाही. म्हणजे १४ वर्षांनी विचार सुरू होतो. किती वर्षांनी सोडायचं हे राज्याच्या मार्गदर्शक सूचनांमधल्या प्रवर्गावर ठरतं. महाराष्ट्रात १९९२ आणि २०१० च्या सूचना नेहमी चर्चेत येतात. शिक्षा झाली त्या दिवशी लागू असलेलं धोरण धरायचं, नंतरचं जास्त उदार असेल तर त्याचा लाभ मिळतो. प्रवर्ग लेखी मागा. वाद बहुतेक तिथेच असतो. धोरण असलेल्या राज्यांनी पात्र बंद्यांचा विचार अर्जाची वाट न बघता करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. तरीही चौदावं वर्ष लागलं की अर्ज करून ठेवा.

१७. आत शिकता येतं का?

येतं. इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम करता येतात. प्रवेशाला दहावी-बारावीची गुणपत्रिका लागते आणि ती घरी ट्रंकेत पडलेली असते. मुलाखतीला येताना साक्षांकित प्रत आणा. पदवीच्या प्रमाणपत्रावर जेलचा उल्लेख नसतो.

१८. घटनेच्या वेळी मुलगा १७ वर्षांचा होता, पण पोलिसांनी १९ लिहून जेलात पाठवलं.

लगेच अर्ज करा. वय घटनेच्या दिवशीचं धरतात. हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी शिक्षेनंतरही काढता येतो. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र सगळ्यात वर, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. आधारवरचं वय पुरावा म्हणून टिकत नाही, त्यावर विसंबू नका.

१९. आई-वडील आत, मुलं आजीकडे. त्यांच्यासाठी काही मदत?

सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत जेलात राहू शकतं. मोठ्यांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपये. पालक तुरुंगात असलेली मुलं यात बसतात. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज, मग बाल कल्याण समितीपुढे मुलाला घेऊन हजेरी. मुलाचं आधार, बोनाफाईड, सांभाळणाऱ्याचा रहिवासी पुरावा आणि पालक कारागृहात असल्याचा दाखला लागतो. हा शेवटचा दाखला जेलातून मिळवायला वेळ लागतो, आधी त्याचाच अर्ज टाका. तातडीचं काही असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

२०. उद्या सुटतोय. गेटवर काय घ्यायला विसरू नये?

सुटकेचं प्रमाणपत्र, पीपीसीतली शिल्लक आणि मजुरी, जमा केलेल्या वस्तू, उपचाराचे कागद आणि किमान आठवड्याची औषधं. टीबी किंवा एचआयव्हीचं औषध सुरू असेल तर पुढच्या केंद्राच्या नावाची चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका, खंड पडला की औषध लागू पडेनासं होतं. सुटकेची नेमकी वेळ सांगता येत नाही. संध्याकाळ झाली तर परगावच्या माणसाने गणेशपेठ स्टँडवर रात्र काढण्यापेक्षा घरच्या कुणी तरी गेटवर थांबावं.

२१. बँक खातं बंद, आधारचा मोबाईल नंबरही गेला. सुरुवात कुठून?

मोबाईल नंबरपासून. नवं सिम, मग आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन नंबर जोडणी, मग बँक. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, बंद होत नाही. केवायसी देऊन सुरू होतं आणि त्याला शुल्क लावता येत नाही. मग रेशन कार्डवर नाव आहे का ते पाहा. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक खिडकीवर ओटीपी मागतील आणि तो बंद पडलेल्या नंबरवर जाईल.

धंद्यासाठी मदत हवी असेल तर महिला व बाल विकास विभागाच्या परिवीक्षा अधिकाऱ्यांना भेटा, मुक्त बंद्यांच्या पुनर्वसनाचं काम त्यांच्याकडे आहे. सुटकेचं प्रमाणपत्र सोबत न्या. आतल्या बंद्यांसाठी राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' कर्ज योजना १ मे २०२२ ला येरवड्यात सुरू झाली: ५०,००० रुपयांपर्यंत, ७ टक्के व्याज, जामीनदाराशिवाय.

२२. नोकरीच्या फॉर्ममध्ये "गुन्हा दाखल आहे का" असं विचारलंय. निर्दोष सुटलो, तरी लिहू?

प्रश्न शब्दशः वाचा. 'शिक्षा झाली आहे का' याला निर्दोष सुटलेल्याचं उत्तर 'नाही'. 'कधी अटक झाली होती का, गुन्हा दाखल झाला होता का' याला उत्तर 'होय', सोबत निकालाची प्रत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालाचा गाभा हाच: खरी माहिती द्या, किरकोळ गुन्ह्याकडे मालक दुर्लक्ष करू शकतो, पण लपवाछपवी हेच काढून टाकण्याचं कारण होऊ शकतं. सरकारी नोकर ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर निलंबित मानला जातो; सुटल्यावर पुनःस्थापनेचा अर्ज स्वतः करावा लागतो.

२३. न्यायाधीशांनी शिक्षेऐवजी "परिवीक्षेवर" सोडलं. म्हणजे डाग राहिला की नाही?

परिवीक्षा म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडणं. परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम १२ मुळे दोषसिद्धीने येणारी अपात्रता लागत नाही. पण दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि नोकरीत असलेल्याच्या गैरवर्तनाबद्दल मालक खात्यांतर्गत कारवाई करू शकतो. फॉर्म भरताना प्रश्न २२ चाच नियम. बंधपत्राच्या मुदतीत परिवीक्षा अधिकाऱ्याला न सांगता पत्ता बदलला तर मूळ शिक्षा पुन्हा उभी राहू शकते.

२४. मतदान आणि पासपोर्ट?

जेलात असताना मतदान नाही, मग कच्चा असो वा पक्का. स्थानबद्ध व्यक्तीला टपाली मतदान आहे. जामिनावर बाहेर असाल तर बेलाशक मत द्या. पासपोर्टसाठी, प्रकरण प्रलंबित असेल तर न्यायालयाची परदेशी जाण्याची परवानगी लागते. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जातच मुदत मागा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर दोषसिद्धीपासून पाच वर्षं पासपोर्ट नाकारता येतो.

२५. जामिनावर सुटला आणि आठ दिवसांत तडीपारीची नोटीस आली. घरी राहू शकतो का?

नोटीस म्हणजे आदेश नव्हे. नोटिशीला लेखी उत्तर आणि साक्षीदार देण्याची संधी असते, ती सोडू नका. आदेश झाला तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ प्रमाणे कमाल दोन वर्षं. ३० दिवसांच्या आत कलम ६० खाली शासनाकडे अपील. त्या काळात हद्दीत सापडला तर नवा गुन्हा. आता अडचण अशी की पेशी नागपुरातच आहे. न्यायालयातल्या तारखेसाठी हद्दीत येण्याची परवानगी आदेशात आहे का ते पाहा, नसेल तर आधी लेखी मागून घ्या आणि पेशीच्या दिवशी परवानगीची प्रत खिशात ठेवा. पेशी चुकवली तर अजामीनपात्र वॉरंट निघतं, आणि पुढचं सगळं पुन्हा प्रश्न १ पासून.